खुणेच्या वर एक बोट

त्याला सगळे एरंडेल म्हणायचे. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती, पण पाठ वळली की एरंडेलच. चेहराच तसा. जन्मल्याबरोबर कुणीतरी चमचाभर पाजलं असावं आणि ती चव अजून जिभेवरून गेली नसावी. गिऱ्हाईक म्हणालं, "मिस्त्री, इंजिनात काहीतरी आवाज येतोय," की हा म्हणायचा, "आवाज तुझा येतोय. तू गप बसलास तर इंजिनाचा ऐकतो." तरी लोक यायचे. शिव्या खाऊन जायचे आणि पुन्हा यायचे, कारण जुन्या डिझेल इंजिनांच्या कामात त्याचा हात धरणारा दुसरा कुणी नव्हता. दुर्दैवाने हे त्यालाही ठाऊक होतं.

त्याचं गॅरेज म्हणजे पत्र्याची लांबट शेड. मधोमध गाडीखाली उतरायचा सिमेंटचा खड्डा, आणि मागच्या भिंतीतल्या दारातून सरळ स्वयंपाकघर. त्यामुळे बायकोला त्याचं प्रत्येक भांडण गॅससमोर उभ्याउभ्या ऐकू यायचं. आमच्याकडे रेडिओ लागतच नाही, असं ती शेजारणींना सांगायची.

त्याने बांधलेलं इंजिन ओळखायची एक खूण होती. इंजिनातलं तेल मोजायची जी लोखंडी पट्टी असते, तिच्यावर कंपनीने दोन खुणा केलेल्या असतात. खालच्या खुणेच्या खाली तेल जाऊ द्यायचं नाही आणि वरच्या खुणेच्या वर भरायचं नाही, इतकी साधी गोष्ट. पण साधी गोष्ट साधेपणाने ऐकेल तो एरंडेल कसला. वरच्या खुणेच्याही एक बोट वर, पट्टीच्या कडेला तो कानशीने तिसरी खाच पाडायचा आणि मालकाला सांगायचा, "तेल इथपर्यंत. कंपनीवाला तुझ्याबरोबर चढावर येणार नाही."

त्यामागे एक जुनी जखम होती. उमेदवारीत त्याने बांधलेलं पहिलंच इंजिन चढावर तेल कमी पडून कोरडं झालं आणि जागच्या जागी जाम झालं. गॅरेजच्या मालकाने चारचौघांत त्याला हातातला पाना फेकून मारला. कपाळावरचा व्रण केसांखाली झाकला, तो दिवस मात्र कशाखालीच झाकला गेला नाही. तेव्हापासून खाच. जास्तीच्या तेलाने इंजिन थोडं धुरकटायचं, पण "थोडा धूर माणूससुद्धा टाकतो" हा त्याचा ठरलेला जबाब. जुन्या इंजिनांना ते चालूनही जायचं, म्हणून त्याच्या डोक्यातली खाच आणखी खोल होत गेली.

एकुलती एक मुलगी याच शेडमध्ये वाढली. इतर पोरी मांडीवर बाहुल्या घ्यायच्या त्या वयात ही मांडीवर जुना तेलपंप घेऊन बसायची. बापाने तिला सगळ्यांत आधी काय शिकवलं असेल, तर ती पट्टी. ओढायची, फडक्याने पुसायची, परत घालायची, परत ओढायची, आणि तेल खाचेला लागलेलं बापाला दाखवायचं. बाप मान हलवायचा. त्याच्याकडून कौतुक म्हणून मिळेल ते एवढंच, आणि पोरीला ते पुरायचं.

मोठी झाल्यावर ती ट्रक चालवायला लागली. नातेवाइकांनी नाकं मुरडली. "नाक मुरडायला काही लागत नाही, गिअर टाकायला अक्कल लागते," असं म्हणून एरंडेलने भंगारातून एक ट्रक उचलला आणि नटाबोल्टासकट तिच्यासाठी नव्याने बांधला. कागदावर मालक तो, चालवणारी ती. भट्टीवरून विटा भरायच्या आणि डोंगरावर बांधकामं चालली होती तिथे टाकायच्या, हे तिचं काम.

मग तिने लग्न केलं. तेही कुणाशी, तर टर्बो बसवून देणाऱ्या फिटरशी.

टर्बो म्हणजे काय, ते एरंडेलच्या शब्दांत ऐकण्यात अर्थ नाही, कारण त्यात शिव्याच जास्त. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक चक्र फिरतं. त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र इंजिनात जादा हवा कोंबतं. हवा जास्त, ताकद जास्त. तो दांडा इतका वेड्यासारखा फिरतो की त्याला सतत तेलावर तरंगत ठेवावं लागतं. म्हणून एक बारीक नळी इंजिनातलं तेल दाबाने वर नेऊन टर्बोला देते, आणि एक जाड पाइप ते खाली इंजिनाच्या तळाशी, तेलाच्या चेंबरमध्ये, परत आणून सोडतो. वर जाताना दाब असतो. खाली येताना कुणी ढकलत नाही, तेल आपल्या वजनाने येतं.

एरंडेलच्या मते हा सगळा आळशी लोकांचा उद्योग होता. टर्बो शिट्टीसारखा वाजतो, म्हणून तो त्याला पिपाणी म्हणायचा. "जावई म्हणजे दहावा ग्रह म्हणतात," तो म्हणायचा, "माझ्या पत्रिकेत त्याने पिपाणी घेऊन मुक्काम ठोकलाय." जावयाशी तो एक शब्द थेट बोलला नव्हता. दोघं समोरासमोर बसलेले असले तरी बोलणं बायकोमार्फत. "अगं, त्याला विचार, चहा घेणार का." जावईही काही कमी नव्हता. "आई, त्यांना सांगा, मी घरून पिऊन आलोय."

तर विटांनी भरलेला तो ट्रक डोंगराचा चढ चढताना रडायचा. दुसऱ्या गिअरमध्ये गोगलगाय बरी. मागचे हॉर्न वाजवून पुढे जायचे, विटा उशिरा पोचायच्या, आणि बांधकामावरचा मुकादम म्हणायला लागला की असंच चाललं तर दुसरी गाडी लावतो. जावई म्हणाला, टर्बो बसवू. मुलगी बापाला विचारायला आली, आणि तिथेच ठिणगी पडली.

"माझ्या इंजिनात काय कमी आहे?"

"दम कमी आहे, बाबा."

हे ऐकून एरंडेल बराच वेळ हात पुसत राहिला. मग म्हणाला, "बसव. पण ज्या दिवशी त्यातून निळा धूर निघेल, त्या दिवशी गाडी माझ्या दारात उभी करायची आणि किल्ली त्या खिळ्याला अडकवायची. मग तू या शेडमध्ये काम करायचं. त्याने त्याच्या पिपाण्या वाजवत बसावं."

मुलगी त्याचीच. मोडेन पण वाकणार नाही, हे रक्तातूनच मिळालेलं. "ठरलं," ती म्हणाली आणि निघून गेली. त्या दिवसापासून बापलेकीचं बोलणं बंद झालं. मुलगी आपल्याला सोडून त्या पिपाणीवाल्याची झाली, हे एरंडेलने मनात पक्कं करून टाकलं, आणि पक्कं केलेली गोष्ट ढिली करायचा पाना त्याच्याकडे नव्हता.

सुरुवातीला ट्रक चढावर असा पळाला म्हणे, की मुकादमाने स्वतः खाली येऊन बॉनेट थोपटलं. एरंडेलच्या कानावर ते आलं. "नव्याचे नऊ दिवस," तो म्हणाला आणि वाट बघत बसला.

एका दुपारी तो जेवून उठत होता तेव्हा ओळखीचा आवाज आला. पोटच्या पोरीच्या पावलांपेक्षा त्या इंजिनाचा आवाज त्याला जास्त ओळखू यायचा. बाहेर येऊन बघतो तर ट्रक वळण घेऊन शेडकडे येतोय आणि मागे निळ्या धुराची शेपटी, समोरच्या दुकानदाराने शटर अर्धं खाली ओढावं इतकी. तोंडात गुळाचा खडा ठेवल्यासारखं काहीतरी एरंडेलच्या चेहऱ्यावर पसरलं. त्या चेहऱ्याला ते शोभलं नाही.

मुलीने ट्रक बरोबर खड्ड्यावर आणून उभा केला. उतरली. बॉनेटला एक भलंमोठं कुलूप लावलेलं होतं, ते काढलं. हे आणि कधीपासून, असं एरंडेलच्या मनात आलं, पण विचारायचं म्हणजे बोलायचं. ती चालत भिंतीपाशी गेली, किल्ली खिळ्याला अडकवली आणि कुणाकडे न बघता परत केबिनमध्ये चढून आपलं सामान आवरायला लागली. पाण्याची बाटली, उशी, उन्हाचा चष्मा.

"जेवलीस का गं?" आईने दारातून विचारलं.

"भूक नाही."

मागोमाग मोटारसायकलवरून जावई आला. तोही तिच्याशी बोलला नाही आणि तीही त्याच्याशी बोलली नाही. गाडी जातेय हे एक, पण या दोघांचं घरही गाडीबरोबर चाललंय, हे आईला त्या न बोलण्यावरून कळलं. एरंडेललाही कळलं. खोटं कशाला सांगा, त्याला बरं वाटलं.

इंजिन निवेपर्यंत त्याने बिडी ओढली. मग टॉर्च घेऊन खड्ड्यात उतरला. टर्बो तो काढणारच होता, भंगारात टाकणारच होता, पण त्याआधी त्याला खोट सापडायला हवी होती. बोट ठेवून दाखवण्यासारखी खोट.

बारीक नळी पाहिली. वाकवताना कुठे चेपलेली नाही, धक्क्याने घासू नये म्हणून मधे रबराची पकड. जाड पाइप पाहिला. सरळ उतार, कुठे पोट नाही की तेल साचून राहील. नावडत्या माणसाने काम चांगलं केलेलं असलं की जो राग येतो तो वेगळाच असतो. एरंडेल दातओठ खात राहिला. शेवटी पाइप चेंबरला जिथे जोडला होता ते तोंड त्याने पाहिलं आणि त्याचे डोळे चमकले. फार खाली वाटत होतं.

वाटून उपयोग नव्हता, दाखवायला हवं होतं. गवंडी लेव्हल बघायला वापरतात तसली पारदर्शक नळी त्याच्याकडे होती. चेंबरचा खालचा बोल्ट काढून त्याने झटकन नळीचं टोक तिथे बसवलं. ओंजळभर तेल मनगटावरून कोपरापर्यंत गेलं, त्याची त्याला फिकीर नव्हती. नळी चेंबरला लावून उभी धरली. आत जेवढं तेल, तेवढंच नळीत चढणार. तेल चढत चढत पाइपच्या तोंडाच्या वर गेलं आणि तिथे थांबलं. पाइपचं तोंड तेलाखाली बुडालेलं होतं.

"अगं," एरंडेल खड्ड्यातून ओरडला, "त्या शहाण्याला सांग, मोरीचं तोंड पाण्याखाली ठेवलं की मोरी तुंबते. शेंबड्या पोराला कळतं हे. तेल परत येणार कुठून? टर्बोत साचलं, तिथून इंजिनात झिरपलं, जळालं. झाला धूर."

जावई खड्ड्यात उतरला. दोन माणसं समोरासमोर उभी राहिली तर पोटाला पोट लागेल, एवढीच तिथे जागा. तो स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून म्हणाला, "आई, त्यांना म्हणावं, तेलाची पट्टी ओढून बघा."

"मी काय टपाल आहे?" बायको दारातून म्हणाली. "एकाच खड्ड्यात उभे आहात दोघं. बोला नाहीतर मरा." आणि तिने दार लोटून घेतलं. इतक्या वर्षांत तिने असं पहिल्यांदाच केलं होतं.

एरंडेल वर आला. पट्टी ओढली, पुसली, परत घातली, परत ओढली. तेल बरोबर तिसऱ्या खाचेला होतं. एक केस वर नाही, एक केस खाली नाही.

"बरोबर तर आहे," तो पट्टीशीच बोलला.

"कुणाच्या हिशोबाने?" खालून जावयाने विचारलं. "कंपनीच्या खुणेपर्यंत उतरवा आणि नळी बघा. मी हात लावत नाही. तुम्हीच करा, म्हणजे नंतर माझ्यावर खापर नको."

हातच्या काकणाला आरसा कशाला. एरंडेल पुन्हा खाली उतरला आणि नळीतून डब्यात तेल सोडत गेला. मधे थांबायचा, वर जाऊन पट्टी बघायचा, परत उतरायचा. त्या चढउतारात त्याचे गुडघे कुरकुरायला लागले. तेल कंपनीच्या वरच्या खुणेला आलं तेव्हा त्याने नळी पुन्हा उभी धरली. पाइपचं तोंड तेलाच्या वर होतं. फार नाही, अर्धं बोट. चेंबरच्या वरच्या आडव्या लोखंडी दांडीमुळे पाइपासाठी त्याहून वर भोक पाडायला जागाच नव्हती. पण अर्धं बोट पुरेसं होतं. मोरीचं तोंड उघडं होतं.

म्हणजे खोट पाइपात नव्हती. खोट बोटात होती, आणि बोट त्याचं होतं.

"तू तिला सांगितलं नाहीस?" एरंडेलने विचारलं. जावयाशी थेट बोललेलं हे त्याचं पहिलं वाक्य.

"नाही कसं? जीभ झिजली माझी." जावयाचा आवाज चढला नाही, त्यामुळे तो जास्त लागला. "खुणेच्या वर भरू नकोस म्हटलं. नाही. ती रात्री भरायची, सकाळी गाडी निघायच्या आधी मी काढायचो. शेवटी तिने बॉनेटला कुलूप लावलं. म्हणाली, बाबांची खाच तू जन्माला यायच्या आधीची आहे, तू मला शिकवू नकोस. म्हणाली, तुझा पाइपच चुकलाय, बाबा चुकत नाहीत. घरी रोज मी तुमच्याशी भांडतो आणि रोज हरतो. तुम्ही तिथे नसताना हरतो."

एरंडेलने झटकन नळी काढून बोल्ट परत आवळला.

"आता किल्ली खिळ्यावर आहे," जावई म्हणाला. "धूर निघाला, हे तर खरं. शब्द तुमचा, गाडी तुमची. मी तिला यातलं काही सांगणार नाही. सांगून उपयोग नाही, माझं ती ऐकत नाही." आणि तो खड्ड्यातून वर चढून मोटारसायकलपाशी जाऊन उभा राहिला.

एरंडेल एकटाच खाली राहिला. गप्प राहिलं तर सगळंच मिळत होतं. गाडी मिळत होती, पोरगी शेडमध्ये परत येत होती, आणि तो पिपाणीवाला तिच्या नजरेतून कायमचा उतरत होता. फक्त पट्टी जागेवर घालायची आणि तोंड बंद ठेवायचं. तोंड बंद ठेवण्यात तर त्याचा इतक्या महिन्यांचा सराव. आपल्याला सोडून गेली असं ज्या पोरीबद्दल तो रोज घास गिळताना म्हणत होता, ती त्याचा शब्द खरा ठेवण्यासाठी नवऱ्याशी कुलूप लावून भांडत होती. हे कळल्यावर त्याला आनंद झाला. आणि आनंद झाला याची इतकी लाज वाटली, की त्याने तेलकट हात तसाच कपाळावर फिरवला.

मग तो वर आला. पट्टी हातात घेऊन केबिनच्या दाराशी उभा राहिला.

"तेल जास्त होतं," तो म्हणाला.

मुलीने वर पाहिलं. "खाचेपर्यंत होतं."

"तेच जास्त. टर्बोला चालत नाही."

"खाच तुमची आहे."

"माझीच. चुकली." हा शब्द त्याच्या तोंडून गंजलेल्या बोल्टासारखा निघाला. "त्याच्या पाइपात खोट नाही. किल्ली घे."

तिचा चेहरा निवळेल असं त्याला वाटलं होतं. तो उलट घट्ट झाला, थेट त्याच्यासारखा.

"त्याला मी रोज खोटं पाडत होते, बाबा. तुमच्यासाठी. आणि तुम्ही माझ्याशी बोलतसुद्धा नव्हता."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. एरंडेल वळला, पट्टी वाइसच्या जबड्यात आवळली आणि कानस घेतली. कडेला पाडलेली खाच घालवायची तर अख्खी कडाच तेवढी झिजवावी लागते. तो घासत राहिला. खाली लोखंडाचा चुरा पडत राहिला. बायको दार उघडून चहा घेऊन आली. "अगं, त्याला..." असं म्हणता म्हणता एरंडेल थांबला आणि जावयाकडे बघून स्वतःच म्हणाला, "चहा घे."

"घरून पिऊन आलोय," जावई म्हणाला.

खाच गेली. पट्टी निमुळती झाली होती. एरंडेलने ती पुसून इंजिनात घातली आणि मुलीने खिळ्यावरची किल्ली आणून इंजिन चालू केलं. सायलेन्सरमध्ये उरलेलं तेल होतं तोवर धूर आला, मग विरळ झाला, मग राहिला नाही. तिने इंजिन बंद केलं आणि तेल खाली बसेपर्यंत थांबली. मग उतरून स्वतः पट्टी ओढली, पुसली, घातली, पुन्हा ओढली. बाप दोन हातांच्या अंतरावर उभा होता. सवयीने त्याची मान हलायला निघाली होती. ती पट्टी घेऊन त्याच्या समोरून पुढे गेली आणि नवऱ्यापुढे धरली.

"बघ. बरोबर आहे?"

नवऱ्याने पट्टीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "बरोबर आहे."

बॉनेट लावलं गेलं. तिने आवरलेलं सामान केबिनमध्ये परत जागेवर ठेवलं, खिळ्यापाशी गेली, पाठमोरी क्षणभर थांबली आणि येऊन गाडी काढली. मोटारसायकल मागोमाग गेली. शेडमध्ये डिझेलचा वास आणि थंड झालेला चहा उरला.

कप उचलायला आलेल्या बायकोला भिंतीवर काहीतरी लटकताना दिसलं. खिळ्याला किल्लीच्या जागी बॉनेटचं ते भलंमोठं कुलूप अडकवलेलं होतं.

"हे कुणाचं?" तिने विचारलं.

"माझं," एरंडेल म्हणाला.